ज्याचा पाट त्याचं अक्षर

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या आदर्श शिर्के यांना आदर्श शिक्षक पुरस्कार कधीही मिळालेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नाव आदर्श आणि पेशा शिक्षकाचा, त्यामुळे निम्म्या रोह्याची समजूत तशीच आहे. लग्नाकार्यात लोक त्यांचा हात हातात घेऊन "पेपरात वाचलं हो," म्हणतात. पूर्वी ते खुलासा करायचे. पण खुलासा केला की समोरच्याचा चेहरा असा पडायचा, की पुरस्कार जणू त्याच्याकडूनच काढून घेतला. म्हणून हल्ली ते नुसतं "चालायचंच" म्हणतात आणि जेवायला बसतात.

हे शिर्के सर रोज सकाळी रोह्याहून गाडीने पेणला उतरतात आणि तिथून मिळेल त्या वाहनाने खाडीकाठच्या खारशेत गावच्या शाळेत जातात. शाळा कागदोपत्री दोन शिक्षकी आहे. दुसरी जागा रिकामी असल्यामुळे मुख्याध्यापक शिर्के हे शिक्षक शिर्के यांच्यावर देखरेख ठेवतात आणि दोघेही तिसऱ्या शिर्क्यांना कारकुनीला बसवतात.

त्या शाळेला यंदा 'अक्षरओंजळ' नावाच्या योजनेतून सरकारी अनुदान मंजूर झालं. मंजूर झालं म्हणजे धमकीचं बोट धरून आलं. उन्हाळ्याआधी एक पथक येऊन पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरं दाखवून गेलं होतं. मुलांनी 'म' ला 'भ' म्हटलं, 'घ' ला 'ध' म्हटलं आणि आदिवासीवाडीच्या वनिताने काहीच म्हटलं नाही. ती पथकातल्या साहेबांच्या चकाकत्या बुटांत स्वतःचं तोंड बघत राहिली. मग पत्र आलं. अनुदान घ्या, स्थानिक कारागिरांकडून साहित्य करून घ्या, मुलांना अक्षरओळख करून द्या. सप्टेंबरअखेर पडताळणी होईल आणि प्रगती न दिसल्यास शाळेचं समायोजन करण्यात येईल.

समायोजन हा शब्द ऐकायला मऊ आहे. त्याचा अर्थ शाळेला कुलूप आणि मुलं खाडीपलीकडच्या शाळेत. गावातल्या घरांकडे मोटारसायकली होत्या. बांधाखालच्या वाडीतल्या मुलांकडे पाय होते आणि पावसाळ्यात बांधावरून पायांनाही जाता येत नसे. वनिताची आई जानी शाळेच्या फाटकाशी येऊन एवढंच म्हणाली, "सर, शाळा हितनं गेली तं माझी पोर घरीच ऱ्हायची." ते वाक्य शिर्के सरांच्या मनातून हलेना. गाडीत खिडकीची जागा मिळाली तरी हलेना, यावरून काय ते समजावं.

अनुदानाची बातमी फुटताच सल्ले सुरू झाले. अष्टमीतले शेजारी जनूभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, संध्याकाळी चहाला आले ते निर्णय घेऊनच.

"कपाट घ्या," ते म्हणाले.

"अहो, मुलांना अक्षरं शिकवायचीत."

"शिकवा की. कोण नाही म्हणतंय? पण घ्यायचं ते कपाट. लोखंडी. साहेब लोक कपाट उघडून बघत नाहीत, ठोकून बघतात. टण्ण वाजलं की पास."

शिर्के सरांच्या पत्नी भाविका यांनीही कपाटाच्या बाजूने कौल दिला. फक्त त्यांच्या मते ते आधी घरी यायला हवं होतं.

पण सरांचं दुर्दैव असं, की रोह्याला योजनेचं प्रशिक्षण झालं आणि त्यात ते जागे होते. प्रशिक्षक सांगत होते, "मुलाने अक्षर नुसतं बघू नये. त्यावरून बोट फिरवावं. त्याला उचलावं. अक्षर मुलाच्या अंगाशी आलं पाहिजे." बाकीचे शिक्षक वड्यांची वाट बघत होते. शिर्के सरांनी ते वाक्य मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पेणला उतरून चालताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना गणपतीचे कारखाने दिसले, दारात सोंडा वाळत पडलेल्या दिसल्या, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाडूची अक्षरं! हातभर उंच, उठावाची, रंगवलेली! कारागीर स्थानिक, माती मऊ, बोट फिरवायला उत्तम. त्या दिवशी वर्गात त्यांनी दुसरीला चुकून चौथीचं गणित शिकवलं, इतके ते आनंदात होते.

कार्यालयातल्या बाबूंनी त्या आनंदावर पहिलं पाणी टाकलं.

"मूर्ती? शिक्षणाच्या पैशातून?"

"मूर्ती नाहीत. अक्षरं."

"करणार कोण?"

"गणपतीचा कारखाना."

"मग मूर्तीच की! उद्या ऑडिटवाले मलाच आरती म्हणायला लावतील."

शिवाय संगणकावर जी यादी उघडायची तिच्यात फर्निचर होतं, छपाई होती, क्रीडासाहित्य होतं आणि कपाट होतं. कपाटाला स्वतंत्र ओळ होती. अक्षरांना नव्हती. तीन खेपा घातल्यावर, 'इकडचा अर्ज तिकडे' आणि 'तिकडचे साहेब इकडे' हे सगळं यथासांग पार पडल्यावर, मराठी भाषेची समस्त मुळाक्षरं क्रीडासाहित्यात बसवण्यात आली. शिर्के सरांना ते फार लागलं. पण मंजुरीचा शिक्का पडला होता, तेव्हा त्यांनी अपमान गिळला आणि वर उसाचा रस प्यायले.

कारखानदार निकेश हा हाताने काम आणि खांद्याने फोन एकाच वेळी सांभाळणारा तरुण होता. त्याने अक्षरांचा कागद बघितला, सरांकडे बघितलं आणि सभोवार रंगाची वाट बघत बसलेल्या शेकडो गणपतींकडे बघितलं.

"सर, आषाढ लागला. आता ऑर्डर?"

"मुलांसाठी आहे हो. शाळा जाईल नाहीतर."

निकेश विरघळला. त्याची पहिली-दुसरी अशाच शाळेत झाली होती. "करतो," तो म्हणाला. "पण पाट आणा."

"पाट?"

"पाट आला की नंबर लागला. आमच्याकडं तोंडी ऑर्डर नाय घेत. ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याची त्याची मूर्ती. कारागिराला पाट दिसला की हात चालतो, नायतर ह्या गर्दीत तुमचं 'च' आणि 'छ' कोन शोधनार?"

इथे शिर्के सरांनी ती चूक केली. ते मूळचे रोह्याच्या बाजारपेठेतले. त्यांच्या घरी गणपती दुकानातून तयार यायचा. गावागावांतून कारखान्यात पाट जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जातं, ही गोष्ट त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हती. त्यांनी शाळेत सांगून टाकलं, "मुलांनो, उद्या प्रत्येकाने घरून एक पाट आणायचा."

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गिरजाबाई पळी धरून बाहेर आल्या. खारशेतात सरपंचाचा शब्द एक वेळ खाली पडेल, गिरजाबाईंचा पडत नसे.

"सर, पाट मागवताय, पन इचार केलाय ना? पाट घरातनं गेला म्हंजे देव येनार."

"गिरजाबाई, देव नाही. अक्षरं येणार आहेत."

"तुमाला म्हाईत हाय. पाटाला म्हाईत हाय का?"

शिर्के सर हसले. पुढे अनेक दिवस त्यांना ते हसणं आठवून ओशाळल्यासारखं होई.

पाट आले. सागाचे, फणसाचे, पितळी फुल्या ठोकलेले, पाठीमागे घरवाल्याचं नाव रंगवलेले. कुणी दोन दिले. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष कान्हू ठाकूर यांनी आजोबांच्या वेळचा शिसवी पाट स्वतः आणून दिला आणि तो आणताना फोटोही काढून घेतला. वाडीतल्या घरांत पाट नव्हते. तिथून कुणी खोक्याची फळी आणली, कुणी नाही आणली. वनिता डोक्यावर एक लांबोडी फळी घेऊन आली. तिला एका अंगाला खिळ्यांची भोकं होती आणि बिजागरीचा गंज होता.

"कसली गं ही फळी?"

"दाराची," वनिता म्हणाली. "खालची. आई बोलली, कोंबडी आत येते एवढंच."

सरांना ती फळी परत पाठवावीशी वाटली. पण वनिता ती इतकी सरळ धरून उभी होती, की त्यांनी ती मुकाट्याने ढिगात ठेवली, सगळ्यात वर.

श्रावण गेला, भाद्रपद आला, आणि हरतालिकेच्या दिवशी निकेशचा टेम्पो खारशेतात शिरला. आता निकेशची माणसं कामाला पक्की. जन्मभर जे केलं तेच त्यांनी याही वेळी केलं. पाटांवर उठावाने थापलेल्या अक्षरांना गुलाबी अंगकांती दिली. कडांना सोनेरी दिलं. उरलेलं पीतांबराचं पिवळं 'प' ला आणि शेल्याचं जांभळं 'ज' ला दिलं. डोळे रेखणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने बराच वेळ हात आवरला होता, पण 'ळ' समोर आल्यावर त्याच्याने राहवेना. 'ळ' ला दोन टपोरे, प्रसन्न डोळे आले. टेम्पोत चढवताना प्रत्येक अक्षराच्या तोंडावर रिवाजाप्रमाणे रुमाल टाकला गेला, उचलताना मोरया झाला, आणि छापील पावतीवर लिहून आलं: 'श्रींची मूर्ती, प्रकार ज्ञ, आसन बैठं, लोड नाही.'

पेणहून टेम्पो आला, आत पाटावर काहीतरी आहे, तोंडावर रुमाल आहे. गावाला आणखी काय कळायला हवं? सर धावत फाटकाशी येईतो गिरजाबाई ताम्हण घेऊन पोचल्या होत्या. मागे बायका, त्यांच्यामागे झांजा.

"थांबा!" सर ओरडले. "हे क्रीडासाहित्य आहे!"

"असू दे. दारात आल्यालं ओवाळल्याबिगर घ्येत न्हाईत," गिरजाबाई म्हणाल्या आणि 'अ' च्या कपाळी कुंकू लावलं. 'अ' ला कपाळ कुठे, हा प्रश्न फक्त सरांना पडला. अक्षता पडल्या. मग जे व्हायचं तेच झालं. लोकांनी पाटांच्या पाठी बघून नावं वाचली आणि आपापला पाट, वर बसलेल्या अक्षरासह, वाजतगाजत घरी नेला. सर मधे हात पसरून उभे राहिले. एका आजींनी त्या हातात नारळ ठेवला आणि पुढे गेल्या.

घटकाभरात शाळेच्या पटांगणात फक्त कागदाचे बोळे, रुमाल आणि सर एवढंच शिल्लक राहिलं. अनुदान गावभर पांगलं होतं.

संध्याकाळी कान्हूशेठ शाळेत आले ते लाल होऊन. त्यांच्या शिसवी पाटावर 'ङ' बसला होता.

"सर, हे काय हाय?"

"ङ."

"ते ऐकलं. हे लागतं कुठं? अवघा गाव बघून गेला. पोरं बोलतात, अध्यक्षाच्या घरी 'ड' ला तीट लावून बसवलाय! मला 'ग' पायजे. गणपतीचा 'ग'. चतुर्थीला अध्यक्षाच्या घरी 'ग' शोभतो."

'ग' कुठे गेला याची चौकशी झाली. 'ग' वाडीत गेला होता. दाराच्या फळीवर.

दुसऱ्या दिवशी गणपती बसल्यावर गावातली चार माणसं, सर आणि कान्हूशेठ बांध उतरून वाडीत गेले. जानीचं घर एका खोलीचं. दाराखालून कोंबडी खरंच ये-जा करत होती. आत कुडाच्या भिंतीला टेकवलेल्या फळीवर 'ग' बसला होता, सोनेरी काठाचा, समोर झेंडूचं एक फूल. जानीने माणसं बघितली आणि तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "न्या सर. माझ्या घरात ठेवायला जागा पन नाय. पोरीला वाटलं, आपल्या फळीवर बसला, म्हनून आनला." वनिताने 'ग' च्या काठाला हात लावून ठेवला.

तेवढ्यात मागून गिरजाबाई आल्या. त्या धापा टाकत होत्या, पण आवाज शाबूत होता.

"काय रं कान्हू? तुझ्या बापाच्या येळेला मूर्तीचा हात दुखावला होता. तवा शेजारची बदलून आनली काय त्यानं?"

"नाय, पन..."

"ज्याचा पाट त्याचा देव. बदलाबदल नाय. ही फळी दिलीन् तवा दाराला भोक पडलं तिच्या. तुझ्या दाराला पडलं काय?"

कान्हूशेठ दाराबाहेर जाऊन चपला शोधू लागले. गिरजाबाईंनी पदराने हात पुसले, 'ग' ला नमस्कार केला आणि तिथेच बसकण मारून म्हणाल्या, "जाने, च्या टाक गो."

अशा रीतीने मामला मिटला. पण अध्यक्षाचं मन राखणं हे मुख्याध्यापकाचं कर्तव्य असतं. सरांनी परतताना बांधावर त्यांना सांगितलं, "कान्हूशेठ, जगातली जेवढी पुस्तकं आहेत, त्या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे. वाङ्मय. तुमच्या 'ङ' शिवाय तो लिहिताच येत नाही." कान्हूशेठ चालता चालता थांबले. "सगळी पुस्तकं?" त्यांनी विचारलं. "समस्त," सर म्हणाले. त्या रात्री त्यांच्या घरी 'ङ' ला मखर आलं आणि मखराला दिव्यांची माळ.

आता दुसरं संकट. देव आला की जाणारही. गावात दीड दिवसवाले होते, पाच दिवसवाले होते, आणि दीड दिवसवाल्यांनी आपापल्या गणपतीबरोबर अक्षरही बोळवायची तयारी केली. सरांनी हिशेब मांडला. उद्या संध्याकाळी 'त' ते 'न' खाडीत जाणार. मग मुलांना 'तन-मन' काय, 'नातं' काय, काहीच वाचता येणार नाही. ते गिरजाबाईंकडे धावले. तिथे जाण्याची सवय त्यांना आता झाली होती.

"साखरचौथीच्या गनपतींसंगं बोळवू," गिरजाबाईंनी निवाडा दिला. "साखरचौथ आपल्या पेनची, अनंत चौदस झाल्यावरची. घरचे गनपती गेले तरी तवर ही बसतील. पन रोज आरती पायजे, बिनआरतीचा देव घरात चालनार नाय."

गणपतीची सुट्टी लागली होती. शाळा बंद, आणि साहित्य घरोघर देव होऊन बसलेलं. त्या रात्री सर अष्टमीला आपल्या दीड दिवसाच्या गणपतीपाशी जाऊन बसले, पण मन लागेना. विसर्जन करून ते परत खारशेतात हजर. भाविकाबाईंनी त्यांच्या जाण्यावर जे भाष्य केलं ते इथे देता येत नाही.

रोज संध्याकाळी मुलांची टोळी आरतीला निघे आणि सर टोळीबरोबर. प्रश्न एकच होता. अक्षराला हात लावू देणार कोण? पहिल्याच घरी मालकीणबाई "देवाला शिवू नका रे," म्हणाल्या. त्यावर गिरजाबाई पुढच्या मुलाला म्हणाल्या, "पाया पडताना शिवतोसच ना? मग पायापासून डोस्क्यापर्यंत पड. नीट." झालं! नमस्कार म्हणजे अक्षराच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत बोट फिरवायचं आणि नाव घ्यायचं, असा रिवाज पडला. प्रशिक्षकांनी सांगितलं होतं तेच, फक्त पुढे प्रसाद होता. काना, मात्रा, वेलांट्या सरांनी खडूने पाटाच्या कडेला काढून दिल्या. 'ब' कडे शिरा असायचा. 'त' कडे करंज्या. 'व' सगुणाबाईंकडे होता आणि त्या हात सैल सोडून खोबऱ्याच्या वड्या द्यायच्या, म्हणून 'व' ची ओळख कुणालाही दोनदा करून द्यावी लागली नाही. चार-सहा दिवसांत गावाचे पत्तेच बदलले. "कुठं चाललास?" "'म' च्या घरी, विळा आनाया."

आणि 'ग' वाडीत असल्यामुळे आरतीला वाडीत उतरावंच लागे. गणपतीच्या दिवसांत 'ग' वगळणार कसा? गावातल्या ज्या बायका आजवर बांधावरूनच वाडीकडे बघत आल्या होत्या, त्या ताम्हणं घेऊन खाली उतरल्या. जानी रानातले करांदे, म्हणजे कंद, उकडून त्यांचे काप द्यायची. पहिल्या दिवशी दोन-चार हात आखडले. तिसऱ्या दिवशी करांदे पुरेनात. शिर्के सरांना त्या खोलीच्या दारात उभं राहून फार बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं कुठल्या रकान्यात भरायचं हे त्यांना कळेना.

साखरचौथीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीवर मिरवणूक निघाली. पडताळणी महिनाअखेर होती, तेव्हा सर निर्धास्त होते. फोटो काढून ठेवले होते. अशा वेळी जे होतं तेच झालं. शासनाची जीप बांधावर येऊन थांबली. पडताळणीच्या अधिकारी मनस्वी मॅडम खाली उतरल्या. नागोठण्याकडच्या शाळांचा कार्यक्रम पुढे ढकलला म्हणून खारशेत अलीकडे घेतलं, असं त्यांनी हसतमुखाने सांगितलं. हातात फाइल, पायात नवे सँडल, समोर गुडघाभर पाण्यात अख्खं गाव.

"शिर्के सर? अभिनंदन हं, पुरस्काराबद्दल."

"चालायचंच," सरांच्या तोंडून सवयीने गेलं.

"साहित्य बघायचं होतं. कुठे ठेवलंय?"

सरांनी खाडीकडे बोट केलं. "तो... 'फ' चाललाय."

मॅडमनी बघितलं. एक आजोबा डोळे मिटून 'फ' पाण्यात सोडत होते. त्यांच्यामागे 'भ' रांगेत होता.

"अहो, मला नोंदीप्रमाणे मोजायचंय!"

"मग जरा लवकर मोजा," सर काकुळतीने म्हणाले आणि पाण्यात धावले. "अहो थांबा! निदान स्वर तरी ठेवा!" पण उत्तरपूजा झालेला देव मागे फिरत नाही, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं. 'ळ' आपल्या टपोऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत प्रसन्नपणे बुडाला. शाडू ती, पाण्यात गेली आणि विरली. कान्हूशेठ 'ङ' घेऊन छातीभर पाण्यात गेले तेव्हा मॅडमनी न राहवून विचारलं, "हे अक्षर कशाला केलं? ते वापरात कुठे आहे?"

कान्हूशेठ भर पाण्यात वळले. "मॅडम," ते म्हणाले, "वाङ्मय कशानं लिवाल?"

मॅडमनी फाइल मिटली. आता त्यांचा चेहरा सरकारी झाला. "शिर्के सर, मला साहित्य दिसलेलं नाही. दिसलं ते बुडताना दिसलं. आता मुलं तरी बघू द्या. ती मुलगी कितवीत आहे?"

ती मुलगी म्हणजे वनिता. रिकामी फळी पोटाशी धरून बांधावर उभी होती, 'ग' नुकताच गेला म्हणून डोळे ओले. उन्हाळ्याआधी बुटांत तोंड बघणारी हीच. जानी पाण्यातून वर आली आणि दोन्ही हातांनी पदर आवळून उभी राहिली.

मॅडमनी फाइलमधून छापील पट्टी काढून तिच्यापुढे धरली. त्या पट्टीवरचे शब्द खारशेतात आजवर कुणीच पाहिले नव्हते. सगळा गाव ओल्या कपड्यांनी गोळा झाला. झांजा थांबल्या.

वनिताने पट्टीकडे बघितलं. मग तिने बोट ठेवलं आणि पायापासून डोक्यापर्यंत फिरवलं.

"हा आमचा," ती म्हणाली. "ग."

"बरं. पुढे?"

"ह्यो सगुणामावशीकडचा. वडीचा. व." बोट पुढे गेलं. "ह्यो करंजीचा. त."

"मग झालं काय?" मॅडमनी विचारलं.

वनिताने पट्टी जवळ ओढली. ओठ हलत होते. आमचा, वडीचा, करंजीचा. आमचा, वडीचा, करंजीचा. सरांना वाटलं, आपणच ओरडून सांगावं. गिरजाबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. आणि मग वनिताने मान खाली घातली, पायाशी बघितलं, परत पट्टीकडे बघितलं आणि किंचाळली, "गवत! आई, गवत लिवलंय हितं! ह्येच, आपलं गवत!"

बांधावर हात दीड हात गवत वाढलेलं होतं आणि ती त्यातच उभी होती.

पुढचे शब्द तिने भराभर वाचले, मग इतर मुलांनी पट्टी हिसकावून घेतली आणि शेवटी मॅडमना ती परत मागावी लागली. ती ओली झाली होती आणि तिला कुंकू लागलं होतं. जीपच्या दारावरचं 'महाराष्ट्र शासन' वाचताना 'ष्ट्र' पाशी मोठी गर्दी झाली, कारण ते कुणाच्याच घरी बसलेलं नव्हतं. जानी बाजूला रडत होती आणि हसतही होती. सर नुसतेच रडत होते, पण ते नखशिखांत भिजलेले असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

मॅडमनी गाडीच्या बोनेटवर फॉर्म ठेवला. 'साहित्याची सद्यःस्थिती' या रकान्यात उपलब्ध, नादुरुस्त आणि गहाळ असे तीनच पर्याय होते. त्यांनी थोडा विचार केला, तिन्ही खोडले आणि पेनने लिहिलं, 'वाटप झाले'. "बाकी सगळ्या शाळांत आजवर कपाटं ठोकून आले हो," त्या म्हणाल्या. "समायोजनाचं नाव मी इथे काढणार नाही." गिरजाबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. खाडीकडे तोंड करून मुलं ओरडली, "पुढच्या वर्षी लवकर या!" कान्हूशेठ त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. पुढच्या वर्षी शिसवी पाटावर 'ष्ट्र' बसवायचा, असं त्यांनी सरांना तिथेच बजावलं.

महिनाभराने सर वाडीत गेले. रिवाजाप्रमाणे विसर्जनानंतर पाट आपापल्या घरी परतले होते आणि जानीने फळी दाराला पुन्हा ठोकली होती. कोंबडी बाहेर बसली होती. फळीवर गुलाबी आणि सोनेरी रंगाचा 'ग' उमटून राहिला होता, पाण्याने फिका, पण पुरता.

"पुसाया घेतला तं पोरीनं बोंब ठोकली," जानी म्हणाली. "सर, पुढल्या वर्साला दुसरी फळी देईन. ही आता घरची." मग तिने 'ग' वरून बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कुठेही न चुकता, आणि लाजून हात पदरात घेतला.

त्या संध्याकाळी अष्टमीला जनूभाऊ चहाला आले. अनुदानाची सगळी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकली. ऐकून झाल्यावर बशी खाली ठेवली.

"म्हणजे एवढं करून हाताशी काही राहिलंच नाही तुमच्या?"

"एक दार राहिलंय," सर म्हणाले.

"कपाटाचं ना?" जनूभाऊंनी समाधानाने मान हलवली. "मी म्हटलंच होतं."

"चालायचंच," शिर्के सर म्हणाले आणि त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.